आडवी टाकी

माझ्या जाऊबाईंचा उजवा डोळा टाकी आडवी केली त्याच दिवशी गेला. डावा राहील की जाईल, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हतं, आणि ते कळेपर्यंत आमचा सगळा उन्हाळा दवाखान्याच्या पायऱ्यांवर गेला.

हे मी कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर बरं आहे, आणि कागद मध्येच तोंड घालत नाही.

आर्णीच्या बाहेर रस्त्याला लागून एक बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे. तिथल्या मोठ्या शेडचा एक कोपरा विटांची भिंत घालून वेगळा काढला होता आणि त्यात एका साहेबांनी भट्टी मांडली होती. साहेब आमच्याच जिल्ह्यातले, बाहेर शिकून, नोकरी करून परत आलेले. बोलायला गोड. जाऊबाईंना मावशी म्हणायचे, मला ताई. शेडवर माणसं मोजकीच. साहेब, गॅस बघणारा एक मिस्त्री, गेटवर चौकीदार आणि आम्ही दोघी जावा. आधी जाऊबाई लागल्या, मग त्यांनी मला ओढलं. आम्ही एकाच अंगणात राहतो, त्या, मी आणि आमचे हे. त्यांचा नवरा, म्हणजे माझे भासरे, वारल्याला बरीच वर्षं झाली. मुलगी महागावला दिलेली. त्या अंगणात मला हाक मारणारं माणूस म्हणजे जाऊबाईच. मी कमी बोलते म्हणून त्या दोघींच्या वाटचं बोलायच्या.

तिथे काय तयार होतं ते आम्हाला बरेच दिवस कळलं नाही. भट्टी आडवी होती, पिंपासारखी, आणि तिच्या पोटातून आरपार एक जाड काचेची नळी गेलेली. होडीसारख्या लांबट चिनीमातीच्या भांड्यात, साहेब त्याला बोट म्हणायचे, विटकरी रंगाची भुकटी चिमूटभर पसरायची. लोखंडाची असते म्हणे ती. पापडावर पीठ भुरभुरावं तशी, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. ते माझं काम. मग बोट सळईने नळीच्या मधोमध ढकलायची, दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, आणि करड्या टाकीतला एक गॅस सोडून आतली हवा हाकलून लावायची. भट्टी तापत तापत आतून पिवळसर लाल व्हायची. तेव्हा दुसऱ्या, तांबूस टाकीचा गॅस हळू सोडायचा. वेल्डिंगवाल्यांच्या दुकानात असते ना, तीच टाकी. नळीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची काचेची बाटली जोडलेली होती. तिच्यात बुडबुडे एकामागे एक शांत निघत राहिले की सगळं ठीक.

भट्टी निवल्यावर बोट बाहेर काढायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मागेच सरले. चिमूटभर भुकटी टाकली होती, आणि बोट काठोकाठ भरून वर फुगून आली होती. काळीभोर, मऊ. फुंकर घातली असती तर शेडभर उडाली असती.

साहेबांनी एकदा समजावून सांगितलं. आतल्या उष्णतेने गॅस फुटतो. लोखंडाचा एकेक कण त्यातला कोळसा गिळतो आणि मागून त्याची तार काढत जातो. डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक. आपला केससुद्धा तिच्यापुढे दोरखंड.

जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजे शेवयाचा साचा म्हना ना साहेब. वरून पीठ घाला, खालून शेवया."

"अगदी तसंच, मावशी."

"मंग खाते कोन या शेवया?"

साहेब हसले. रंगात घालतात, प्लास्टिकात घालतात, बॅटऱ्यांत घालतात, म्हणाले. जाऊबाईंचा विश्वास बसला नाही. घरी येताना म्हणाल्या, "मले तं वाटते, काजळ करून राह्यला हा मानूस. बायकोले भेत असंन, म्हनून बॅटरी सांगते."

काम घाणीचं होतं. तोंडाला फडकं बांधलं तरी नाक काळं, थुंकी काळी. नखांच्या कडांत बसलेलं साबणाने निघायचं नाही. भाकरी थापताना पांढऱ्या पिठावर बोटांचे ठसे उठायचे. रात्री खोकला यायचा. पण सावली होती, बसून काम होतं, आणि सोयाबीन सोंगायला गेल्यावर कंबरेची होते तशी गत होत नव्हती. जाऊबाईंना तर त्या भट्टीचं वेडच लागलं होतं. भट्टीच्या छिद्रातून आतल्या रंगाकडे बघत बसायच्या आणि म्हणायच्या, "आता आला पाह्य पिकल्या आंब्यावानी. आता सोडा गॅस."

दिवाळीनंतर मिस्त्री पुण्याकडे निघून गेला. साहेबांनी नवा माणूस बघतो बघतो म्हटलं आणि तोवर जाऊबाईंना गॅसवर उभं केलं. कोणती चावी आधी फिरवायची, कोणती मागून, दाबाचा काटा कुठे ठेवायचा, बुडबुडे किती जोरात यायला हवेत, सगळं दाखवलं. एक चष्मा दिला, पोहणाऱ्यांचा असतो तसा गच्च बसणारा. तो घातला की वाफ धरायची आणि काटाच दिसायचा नाही, म्हणून तो खिळ्याला लटकून राहिला. टाक्यांवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. आम्हा दोघींना ते येत नव्हतं. टाक्या भिंतीला साखळीने बांधलेल्या असायच्या. पडू नयेत म्हणून बांधल्या आहेत, असंच आम्ही समजत होतो.

गॅसवर लागल्यापासून जाऊबाईंची चाल बदलली. गेटवरून आत जाताना चौकीदाराला म्हणायच्या, "सलाम ठोक, मिस्त्रीन चालली." तोही उठून सलाम ठोकायचा. मला ते बघायला आवडायचं.

होळी होऊन गेल्यावरची गोष्ट. साहेब माल दाखवायला नागपूरला गेले होते. जाताना म्हणाले, "मावशी, आजचा घाणा नीट उतरवा. गिऱ्हाईक चांगलं आहे."

दुपार होती. भट्टी तापलेली, तांबूस टाकीचा गॅस सुरू केलेला, आणि थोड्या वेळाने काटा खाली यायला लागला. बुडबुडे मंदावले. टाकी संपत आली होती आणि दुसरी भरलेली शेडवर नव्हती. गॅस मध्येच तुटला की बोटीतलं सगळं वाया जातं, हे आम्हाला माहीत होतं.

जाऊबाईंनी चौकीदाराला हाक मारली. "ये रे, जरा हात लाव. आडवी करू हिले. घरी नाई का, सैपाक अर्ध्यावर असला का सिलिंडर लेटवतो आपन? दोन भाकरीचा गॅस निघतेच."

"निघते ना भाभी," चौकीदार म्हणाला. "माही बायको तं उलटंच करून ठेवते."

"तुही बायको तुलेही उलटं करते, मले मालूम हाये."

तो हसला. दोघांनी साखळी काढली आणि टाकी हळूच जमिनीवर निजवली. मी दुसऱ्या बाजूला कालच्या बोटी खरवडत बसले होते. मी ते बघितलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गल्लीत असं एक घर नसेल जिथे संपत आलेलं सिलिंडर कोणी आडवं केलं नसेल. पाहुणे बसलेले असतात, वरण व्हायचं असतं, तेव्हा बाया दुसरं काय करणार.

बुडबुडे पुन्हा यायला लागले. "पाह्य, निघाला ना!" जाऊबाई मला म्हणाल्या. मग बुडबुडे जोरात यायला लागले. मग इतके जोरात की बाटली थडथडू लागली आणि नळीच्या त्या टोकाला आत गडद काळा धूर भरला. "हे काय व..." असं म्हणत जाऊबाई बाटलीजवळ वाकल्या.

बूच उडालं तो आवाज मोठा नव्हता. सायकलची ट्यूब फुटावी तेवढाच. पण मागोमाग आग आली, नळीच्या तोंडातून सरळ, लांब, आणि बाटलीच्या ठिकऱ्या झाल्या. चौकीदाराने टाकीची चावी बंद केली, एवढं त्याला सुचलं. मी बारदान घेऊन जाऊबाईंच्या अंगावर पडले. पेटलेला पदर विझला. त्या ओरडत नव्हत्या. दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसल्या होत्या आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. वरून काजळीची काळी फुलं पडत होती, त्यांच्या केसांवर, माझ्या हातांवर, रक्तावर.

आर्णीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच यवतमाळला न्या म्हणाले. ऑटोत जाऊबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या एकच विचारत होत्या, "माल जळला का व?"

सरकारी दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. गाल आणि मान भाजली होती, पण ती भरून येईल असं डॉक्टर म्हणाले. डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. मला बाहेर बोलावून म्हणाले, "उजव्या डोळ्यात काच खोल गेली आहे. तो फुटलाय. त्यात दृष्टी येणार नाही. तो काढावा लागेल, आणि लवकर काढावा लागेल."

मी मान हलवली.

"का लवकर, ते नीट ऐका. असा फुटलेला डोळा तसाच ठेवला तर कधीकधी चांगला डोळापण सुजायला लागतो. एकाचं बघून दुसरा आजारी पडतो. होईलच असं नाही. पण झालं तर थांबवणं फार अवघड. डावा डोळा आज चांगला आहे. तो वाचवायचा आहे आपल्याला. घरच्यांना समजावा."

घरची मीच होते. महागावला मुलीला फोन केला होता. ती यायची होती.

संध्याकाळी साहेब आले. नागपूरहून थेट आले असावेत, तरी शर्टाची घडी मोडलेली नव्हती. मला जिन्याकडे नेलं आणि तिथे त्यांचा आवाज चढला. "वेल्डिंगची टाकी कोणी आडवी करतं का? त्यात नुसता गॅस नसतो. तो एका औषधात विरघळवलेला असतो. आडवी केली की ते औषधच नळीत येणार. तापलेल्या भट्टीत! शेडच उडाली असती, ताई!"

त्यांनी आम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. मी तसं म्हणाले नाही. 

मग ते हळू झाले. म्हणाले, शेडची परवानगी अजून पूर्ण झालेली नाही. पोलीस जबाब घ्यायला येतील, भाजलेल्या बाईचा जबाब घेतातच. घरी सिलिंडर भडकलं असं सांगा. शेडचं नाव आलं तर शेडला सील लागेल, मग मी मावशींना कशाने मदत करणार? नागपूरला माझ्या ओळखीचे मोठे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. मी स्वतः गाडीने नेतो. इथले लोक लगेच डोळा काढायचंच बोलतात. तिथे डोळा वाचवतील.

मी आत येऊन जाऊबाईंच्या कानाशी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं आणि साहेबांचंही.

त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "नागपूरले डोया वाचते म्हने?"

"साहेब म्हनते."

"मंग घरीच झालं म्हनजो."

"बाई, डॉक्टर म्हनते का लवकर काढा. नाई तं डावाही..."

"डावा काऊन जाईन? त्याले काय झालं? तू भेऊ नोको. घरीच झालं. समजलं का?"

दुसऱ्या दिवशी पोलीस बाई आल्या. जाऊबाईंनी सांगितलं, घरी स्वयंपाक करत होते, माझ्याच हातून झालं, कोणाचा दोष नाही. डोळ्यात काच कशी गेली विचारलं तर लोणच्याची बरणी जवळ होती म्हणाल्या. पोलीस बाईंनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तू कोण?"

"जाऊ."

"घरात कोण कोण होतं तेव्हा?"

माझ्या तोंडातून शब्द निघेना.

"दोघींत भांडण होतं का काही? अंगणाचं, वाटणीचं?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाच सांगता येणार नाही. जाऊबाई खाटेवरून ओरडल्या, "तिले काय इचारता बाई! ते गाय हाये गाय!" पण पोलीस बाई माझ्याकडेच बघत राहिल्या. विधवा जाऊ भाजलेली, डोळ्यांवर पट्ट्या, आणि धाकटी जाऊ तोंड उघडत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तसंच बघितलं असतं.

हे साहेबांना सुचलं होतं की नाही, जाऊबाईंना सुचलं होतं की नाही, देव जाणे. घरी भाजलेली बाई म्हटली की आमच्याकडे पहिला प्रश्न कोणता येतो, हे कोणालाही ठाऊक आहे.

त्या घर बघायला आल्या. आमच्या स्वयंपाकघरात शेगडी धड, सिलिंडर धड, नळी धड. भिंतीवर धुराचा डाग नाही. लोणच्याची बरणी फळीवर, अख्खी. पोलीस बाईंनी ती हातात घेऊन बघितली आणि परत ठेवली. अंगणात गल्ली गोळा झाली होती. आमच्या ह्यांनी मध्ये पडून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, तर त्यांना बाहेर उभं केलं. जाऊबाई जबाबावरून हलल्या नाहीत, म्हणून ते प्रकरण तिथेच मिटलं. कागदावर मिटलं. गल्लीतल्या बाया हापशीवर मी गेले की घागरी उचलून घ्यायच्या. एकीने मला ऐकू येईल असं म्हटलं, "शेगडीले काई झालं नाई म्हने, बाईच तेवढी पेटली."

महागावहून मुलगी आली. ती दोन दिवस माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर मला भिंतीशी गाठून म्हणाली, "काकू, माही माय खोटं बोलून राह्यली. कोनाले वाचवून राह्यली थे? तुले?"

तेव्हा मात्र मी बोलले. शेड, टाकी, चौकीदार, साहेब, नागपूर, सगळं एका दमात. इतकं मी आयुष्यात एका वेळी बोलले नव्हते. ती ऐकत राहिली. मग माझ्या हाताकडे बघितलं. नखांच्या कडांत काळं होतं, तिच्या आईच्या नखांत होतं तसंच. ती खाली बसली आणि रडली.

"मंग गाडी कधी येते नागपूरची?" तिने विचारलं.

मी साहेबांना फोन केला. उद्या, म्हणाले. उद्याचा परवा झाला. डॉक्टरची वेळ मिळत नाही, म्हणाले. मग गाडी दुरुस्तीला आहे, म्हणाले. डोळ्यांचे डॉक्टर रोज फेरीला यायचे आणि तेच विचारायचे, "काय ठरलं?" जाऊबाई रोज तेच म्हणायच्या, "आमी नागपूरले चाललो." एकदा डॉक्टर खाटेच्या कडेला बसले आणि हात जोडून म्हणाले, "मावशी, जबरदस्ती मी करू शकत नाही. पण उशीर होतोय." जाऊबाई हसल्या. "तुमी लहान हा. तुमाले कापाची घाई."

मुलगी आणि मी दोघींनी समजावलं. मुलगी चिडली, पाया पडली. जाऊबाईंचं एकच. काढलेला डोळा पुन्हा बसवता येत नाही. राहिलेला असला तर मोठा डॉक्टर काहीतरी करील. यात त्यांचं काय चुकीचं होतं, मला अजून कळत नाही. डाव्या डोळ्याची पट्टी काढली होती. त्याने त्यांना सगळं दिसत होतं. पंखा, खिडकी, माझ्या लुगड्याची किनार. दिसणारा डोळा जाईल यावर कोण विश्वास ठेवणार.

एक दिवस साहेबांचा फोन लागेना. चौकीदाराला फोन केला. तो म्हणाला, शेडला कुलूप आहे, भट्टी ट्रकवर घालून कुठेतरी नेली, मलाही कामावरून काढलं.

मी जाऊबाईंना सांगायला गेले, तर त्या पदराने डोळा झाकून बसल्या होत्या. "खिडकी लाव व," म्हणाल्या. "उजेड टोचून राह्यला."

डॉक्टरांनी बत्ती लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उभे राहून नर्सला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. आम्हाला सांगितलं नाही तरी मला समजलं होतं. डावा डोळा लाल झाला होता.

मी म्हणाले, "डॉक्टर, नागपूर नाई. कोनी नाई नेत. हे घरी नाई झालं." मग जे मुलीला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं ताई. डोळा काढा, एवढंच."

जाऊबाईंनी संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला हात पुढे केला. उजवा डोळा काढला. डाव्याला थेंब, सुया, गोळ्या. गोळ्यांनी तोंड सुजलं, चेहरा गोल झाला, ओळखू येईना. मध्येच चारआठ दिवस बरं वाटायचं. "आता तुह्या कपायावरची टिकली दिसली मले," असं म्हणायच्या, आणि मी धावत जाऊन मुलीला फोन करायची. मग पुन्हा धूर चढायचा. त्या धूरच म्हणायच्या. "आज धूर दाट हाये."

घरी आणल्यावर थेंब टाकायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. त्या मान मागे टाकून माझ्या मांडीला टेकायच्या, मी पापणी वर उचलायची. त्या वेळी अंगणाच्या कुडापलीकडून गल्लीतलं कोणीतरी बघत असायचंच. जाऊबाईंना ते पावलांवरून कळायचं. त्या मोठ्याने म्हणायच्या, "या ना, पाहा ना! शेडात भाजली मी, शेडात! टाकी म्या लेटवली!" बाया निघून जायच्या. नंतर मला हापशीवर ऐकू यायचं, की बिचारी सांभाळून घेते, तिच्याच आसऱ्याला राहायचं आहे ना. घरी झालं, हा एकदा पोलिसांना दिलेला जबाब गल्लीच्या लेखी पक्का झाला होता. त्यानंतर खरं सांगितलं ते खोटं ठरलं. जाऊबाईंनी पुष्कळ सांगून बघितलं. भांडून बघितलं. माझ्यासाठी भांडायच्या आणि माझ्याच नावाला आणखी चिकटायचं. शेवटी मीच म्हटलं, "राहू द्या बाई. थेंब बाहेर जाते बोलल्यानं."

दर काही दिवसांनी आम्ही एसटीने यवतमाळला जायचो. डॉक्टर आधी भिंतीवरची अक्षरं दाखवायचे. जाऊबाईंना लिहिता वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा तक्ता होता. तीन दातांच्या काट्यासारखी चित्रं, कोणत्या बाजूला तोंड आहे ते हाताने दाखवायचं. पहिल्यांदा वरच्या दोन ओळी दाखवल्या. मग एक. मग डॉक्टर तक्ता सोडून बोटं दाखवायला लागले. मग जवळून बोटं. मग नुसता हात हलवायचे.

शेवटच्या वेळी मुलगीही सोबत होती. डॉक्टरांनी खोलीतला दिवा बंद केला आणि बॅटरीचा उजेड डाव्या डोळ्यावर टाकला. "मावशी, उजेड कुठून येतोय?"

जाऊबाईंनी थोडा वेळ घेतला. मग वर बोट दाखवलं.

उजेड खालून येत होता. डॉक्टरांनी बाजू बदलली, पुन्हा विचारलं. जाऊबाईंनी या वेळी माझ्याकडे तोंड केलं, जसं मी काहीतरी सांगेन.  त्यांनी अंदाजाने डावीकडे बोट केलं. डॉक्टरांनी बॅटरी विझवली होती.

त्यांनी दिवा लावला. म्हणाले, दुखेल तर या. थेंब आता नकोत. मुलीने तोंड पदरात घातलं. मी जाऊबाईंचा हात धरून त्यांना बाहेर बाकावर आणलं.

"काय म्हनला थो?"

"म्हनला का दुखलं तं या."

"आनि नाई दुखलं तं?"

मी त्यांचा पदर सारखा करत बसले. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "बोल व. सारी जिंदगी मुकी राह्यली, आता मले तुह्या तोंडाकडं पाहूनही नाई कयत. बोलनंच पडन तुले."

मी सांगितलं. "थेंब बंद म्हनला. आता यायची गरज नाई म्हनला."

जाऊबाई मान हलवत राहिल्या, कोणी त्यांच्याशी काही हिशोब बोलत असल्यासारख्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. एसटीत ओकारी येत होती मले."

मुलीने त्यांना महागावला चल म्हटलं. त्या नाही म्हणाल्या. तिच्या सासूच्या घरात चाचपडत कुठे फिरू, म्हणाल्या, इथे मला भिंती माहीत आहेत. मुलगी आमच्यासोबत स्टँडपर्यंत आली आणि तिच्या गाडीने गेली.

आम्ही आर्णीच्या गाडीत बसलो. दुपारचं ऊन होतं, गाडी भरलेली. मी त्यांना खिडकीशी बसवलं. आमच्या पुढच्या बाकावरच्या बाईने वळून बघितलं, जाऊबाईंच्या गालावरची भाजलेली कातडी बघितली, मग माझ्याकडे. "कोन हाये तुमची?"

"जाऊ," मी म्हणाले.

त्या बाईचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला. मी इतके दिवस तो चेहरा बघत आले आहे. जाऊबाईंना तो दिसला नाही. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी त्या बाईला सांगितलं. टाकीचं, भट्टीचं, साहेबांचं. माझा आवाज बारीक होता, तरी कंडक्टरसुद्धा ऐकत थांबला. ती बाई हं हं करत राहिली आणि मग पुढे वळून बसली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

"मोठ्यानं बोलत जाय," जाऊबाई खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या. "अर्धं तं मलेच आयकू नाई आलं."